२ टीबीची भरलेली, ८ टीबीची कोरी आणि मधला क्लोनझिला

जुन्या डिस्कवर १.८ टीबीचा ऐवज होता. तो मी ८ टीबीच्या कोऱ्या डिस्कवर उतरवायला लावला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पडद्यावर ओळ आली, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. जागा संपली. आठात पावणेदोन-दोन मावेनात! चष्मा पुसून पुन्हा वाचलं, ओळ तीच.

हे परीक्षण डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, काढणाऱ्या क्लोनझिला या मोफत सॉफ्टवेअरचं आहे, पण मी त्याच्या दारात का जाऊन उभी राहिले ते आधी सांगायला हवं, नाहीतर त्याला दिलेले गुण कुणालाच पटणार नाहीत.

मी गणिताच्या पुस्तकांची अक्षरजुळणी करते. लाटेक या जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, लिनक्सवर. मजकुराचा बॅकअप सगळेच ठेवतात. मला अख्खी सिस्टीम ठेवावी लागते. कारण असं, की दीड-दोन वर्षांपूर्वी छापलेल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते, लेखकाच्या दुरुस्त्या जेमतेम तीन पानांच्या असतात, आणि तीच फाइल आजच्या मशीनवर चालवली की पान ११२ वरची आकृती उडी मारून ११३ वर जाते. मग पुढची सगळी पानं ढळतात, सूची ढळते, ‘पान अमुक पाहा’ म्हणून लिहिलेले संदर्भ खोटे पडतात. लाटेक ज्यावर उभं आहे ते मूळ टेक बिचारं स्थिर आहे. त्याच्या आवृत्तीचा आकडा दरवेळी पायचा एकेक अंक वाढवत जातो, ३.१४१५९२६५३ पर्यंत आलाय, इतकं त्याला बदलायचं नाहीये. पण भोवतीच्या हजारो पॅकेजांना आणि फाँटना ती शिस्त नाही. म्हणून त्या वर्षीचं टेक, त्या वर्षीचे फाँट, त्या वर्षीच्या लायब्ऱ्या, सगळं जसंच्या तसं मला लागतं.

यासाठी माझ्याकडे आरस्नॅपशॉट हे बॅकअपचं सॉफ्टवेअर रोज रात्री चालतं. सात रोजच्या प्रती, चार आठवड्यांच्या, चोवीस महिन्यांच्या. एकूण पस्तीस. प्रत्येक प्रत उघडली तर आत पूर्ण सिस्टीम दिसते, साधारण ४६० जीबीची. पस्तीस गुणिले ४६० म्हणजे सोळा टीबी. आणि हे सगळं २ टीबीच्या डिस्कवर बसलेलं होतं.

बसतं कसं? हार्ड लिंकमुळे. जी फाइल कालपासून बदललेली नाही ती आरस्नॅपशॉट पुन्हा लिहीत नाही, जुन्याच फाइलला आणखी एक नाव देतं. शाळेच्या पस्तीस हजेरीपटांवर एकाच मुलाचं नाव असावं, तसं. नावं पस्तीस, मूल एक. एखाद्या पटावरून नाव खोडलं तरी मूल शाळेतच असतं. शेवटच्या पटावरून खोडलं की मगच जातं.

आता मी काय केलं? सरळ सीपी ही लिनक्सची कॉपी करायची आज्ञा चालवली, ‘-आर’ पर्याय देऊन, आणि निवांत झाले. ‘-आर’ला हार्ड लिंक कळत नाही. त्याने पस्तीस पटांवरची पस्तीस नावं वाचली आणि पस्तीस गणवेश शिवायला घेतले. रोजच्या साती प्रती झाल्या, महिन्यांच्या दहा झाल्या, आणि मंथली.१८ या फोल्डरमध्ये कापड संपलं (फोल्डर अक्षरक्रमाने येत होते, १ नंतर थेट १०). वर आणखी एक घोळ म्हणजे, सुडो लावून, म्हणजे रूट या प्रशासकाच्या अधिकाराने, चालवल्यामुळे नव्या डिस्कवरच्या प्रत्येक फाइलची मालकी रूटकडे गेली होती. कुठली फाइल मूळ कुणाची होती याची नोंदच उरली नव्हती. म्हणजे जागा पुरली असती तरी ती प्रत परत चढवण्याच्या कामाची नव्हती.

पुतणीला फोन केला. ती संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझ्या अशा फोनांना सरावलेली आहे.

“आत्या, तू -आर दिलास? -ए द्यायचा ना गं.”

“तीन दिवस गेले माझे.”

“मग आता सीपी नको. आरसिंक लाव. आणि कॅपिटल एच विसरू नकोस, नाहीतर हेच होईल पुन्हा.”

आरसिंक हे फायली उतरवायचं साधन १९९६ पासून आहे आणि माझा त्याच्यावर जीव आहे. आरस्नॅपशॉटच्या पोटातही तेच चालतं. ए, कॅपिटल एच, कॅपिटल ए, एक्स, असे चार पर्याय दिले, रात्री सुरू केलं. पण हार्ड लिंक सांभाळायच्या तर कुठलं नाव कुठल्या फाइलचं, हे त्याला लक्षात ठेवावं लागतं. माझ्या एका प्रतीत सुमारे नऊ लाख फायली आहेत. पस्तीस प्रती म्हणजे तीन कोटींहून जास्त नावं. प्रती तुकड्या-तुकड्याने नेता येत नाहीत, कारण मग दोन तुकड्यांमधली नाती तुटतात. एकाच फेरीत सगळं व्हायला हवं. माझ्या मशीनमध्ये ८ जीबी मेमरी. सकाळी उठून पाहते तर माउस हलवला की अर्ध्या मिनिटाने बाण हलत होता. मेमरी भरून सगळा कारभार स्वॅपवर, म्हणजे डिस्कवरच्या उसन्या मेमरीवर, चालला होता. पस्तीसपैकी सहा प्रती पुढे सरकल्या होत्या आणि वेग मिनिटागणिक मंदावत होता. ज्यांच्याकडे ३२ जीबी मेमरी आहे, किंवा ज्यांच्या प्रती सात-आठच आहेत, त्यांनी आरसिंकच वापरावं, त्यात काही वाईट नाही. मी ते थांबवलं.

पुतणीचा दुसरा सल्ला एका वाक्याचा होता: “फायली मोजूच नकोस, खालचे ब्लॉक उचल.” ब्लॉक म्हणजे डिस्कवरचे ठरावीक मापाचे तुकडे.

तर क्लोनझिला. तैवानच्या नॅशनल सेंटर फॉर हाय-परफॉर्मन्स कम्प्युटिंगमध्ये तयार झालेलं, मोफत, मुक्त स्रोत. ते तुमच्या लिनक्समध्ये किंवा विंडोजमध्ये बसवायचं नसतं. पेनड्राइव्हवर उतरवायचं, मशीन त्यावरून सुरू करायचं, म्हणजे तुमच्या डिस्का झोपलेल्या असताना ते काम करतं. आतलं खरं कष्टाचं काम त्याच्यातलं पार्टक्लोन नावाचं साधन करतं. पार्टक्लोनला फाइलसिस्टीमची, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीची, रचना कळते, त्यामुळे ते फक्त वापरात असलेले ब्लॉक उचलतं, रिकामे सोडून देतं. पण त्याला फायलींची नावं, नाती, मालक यांच्याशी देणंघेणं नाही. पटावर कुणाची किती नावं आहेत हे ते विचारतच नाही, अख्खी शाळा उचलून पलीकडे ठेवतं. माझ्या दुखण्याला नेमकं हेच औषध हवं होतं. हार्ड लिंक जपायची वेगळी व्यवस्थाच लागत नाही, कारण त्या मोडायची वेळच येत नाही.

पण इथेही एक खड्डा आहे, आणि बहुतेक लोक त्यात पडत असणार म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या जुन्या डिस्कवर एमबीआर या जुन्या पद्धतीचा पार्टिशन तक्ता होता, म्हणजे डिस्कचा कुठला भाग (पार्टिशन) कुठून कुठपर्यंत याची यादी. त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा, ५१२ बाइटचा. दोनाचा बत्तिसावा घात गुणिले ५१२, म्हणजे सुमारे २.२ टीबी. त्यापलीकडे त्या तक्त्याला बोटच दाखवता येत नाही. आता क्लोनझिलामध्ये ‘डिस्कवरून डिस्क’ असा पर्याय निवडला, की तो तक्ताही नव्या डिस्कवर येतो. ८ टीबीपैकी २.२ वापरायची आणि बाकीची ५.८ शोभेला ठेवायची! म्हणून ‘डिस्कवरून डिस्क’ नको. आधी आपल्या नेहमीच्या लिनक्समधून, जीपार्टेड हे पार्टिशन पाडायचं साधन उघडून नव्या डिस्कवर जीपीटी या नव्या पद्धतीचा तक्ता करायचा, पूर्ण लांबीचं एक पार्टिशन पाडायचं, आणि मग क्लोनझिलात ‘पार्टिशनवरून पार्टिशन’ निवडायचं. नव्या डिस्कवर आधीची ती रूटच्या मालकीची खिचडी होती, ती या निमित्ताने पुसली गेली. मला हलकं वाटलं.

क्लोनझिलाचं रूप पाहून घाबरू नका. राखाडी चौकोन, बाणांच्या कळा, स्पेसबार, एंटर; माउसला काही काम नाही. सुरुवातीला भाषा विचारतं, यादीत मराठी नाही. पर्यायांची वर्णनं लांबलचक आणि एकमेकांसारखी आहेत, आणि ‘डिव्हाइस-इमेज’ व ‘डिव्हाइस-डिव्हाइस’ यांतला फरक पहिल्या वाचनात कळेल असं मला वाटत नाही. पहिल्यात डिस्कची एक मोठी फाइल बनवून ठेवतात, दुसऱ्यात थेट एका डिस्कवरून दुसरीवर नेतात. आपल्याला दुसरा.

यानंतर येतो तो पडदा, जिथे मी श्वास रोखून बसले होते. कुठल्या पार्टिशनवरून आणि कुठल्यावर. यादीत एसडीबी१ आणि एसडीसी१, ही लिनक्सने दिलेली नावं. आदल्या दिवशी लिनक्समध्ये जुनी डिस्क एसडीबी होती आणि नवी एसडीसी, तसं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू झालं तेव्हा ती नावं उलटी झाली होती. वहीवर विश्वास ठेवून एंटर मारला असता तर ८ टीबीचा रिकामा अंधार माझ्या दोन वर्षांच्या प्रतींवर ओतला गेला असता... बरं, क्लोनझिलाने छोट्या पार्टिशनवर मोठं घेतलं नसतं, त्याचा तसा नियमच आहे, लक्ष्य स्रोताएवढं किंवा त्याहून मोठं हवं. पण दोन्ही डिस्का एका मापाच्या असत्या तर? वाचायचं ते नावाशेजारचं: आकार, मॉडेल, अनुक्रमांक. क्लोनझिला हे सगळं त्याच ओळीत दाखवतं, हा त्याचा मोठा गुण. मी डिस्कच्या पाठीवरचा अनुक्रमांक टॉर्च मारून वाचला, पडद्यावरच्याशी शेवटचे चार अंक ताडले, मग स्पेसबार दाबला. पुढे ते दोनदा विचारतं, खात्री आहे का, वाय की एन. दोनदा विचारणारं सॉफ्टवेअर मला आवडतं.

एक्स्पर्ट पद्धत निवडून मी एकच गोष्ट बदलली. नवं पार्टिशन मोठं असेल तर फाइलसिस्टीम आपोआप ताणून घ्यायचा एक पर्याय असतो, तो काढून टाकला. मला आधी जशीच्या तशी प्रत पाहायची होती, ताणणं नंतर स्वतःच्या हाताने. ज्यांना एवढी शंकेखोरी नको त्यांनी बिगिनर पद्धतीत जावं, तेही नीट काम करतं.

सुरू झालं. पार्टक्लोनच्या पडद्यावर दोन पट्ट्या, गेलेला वेळ, राहिलेला वेळ, आणि वेग मिनिटाला किती जीबी. वेग १.९. राहिलेला वेळ पावणेसोळा तास. माझ्या मनात आलं, चालायचंच, डिस्क जुनी आहे. मग टेबलाखाली वाकून पाहिलं. जुनी डिस्क मी काळ्या पोर्टात खोचली होती, यूएसबी २. कंट्रोल-सीने थांबवलं, निळ्या पोर्टात लावली, पुन्हा सगळे पडदे, पुन्हा टॉर्च, पुन्हा दोनदा वाय. आता वेग ६.६. जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करायची सोय यात नाही, नव्याने पहिल्यापासून. माझी वीस मिनिटंच गेली होती म्हणून ठीक. वीज जाण्याची शक्यता असेल तर यूपीएसशिवाय यात पडू नका.

रात्रभर चाललं. वेग हळूहळू उतरत गेला, शेवटी सरासरी ५.३ दाखवत होता. हे दुखणं नव्हे. हार्ड डिस्कच्या तबकडीच्या बाहेरच्या कडेची वर्तुळं लांब असतात, त्यांत जास्त सेक्टर मावतात, आणि तबकडी तर एकाच गतीने फिरते. आतल्या वर्तुळांकडे डोकं सरकलं की तेवढ्याच फेऱ्यांत कमी माल हाती लागतो. एकूण वेळ पाच तास चाळीस मिनिटं. सीपीने तीन दिवसांत जे बिघडवलं ते एका झोपेत झालं.

काम सुरू करण्याआधी क्लोनझिला एक ओळ छापतं: पुढच्या वेळी हेच करायचं असेल तर ही आज्ञा थेट चालवा. आपण इतक्या पडद्यांवर जे जे निवडलं ते सगळं त्या एका लांब ओळीत असतं. मी ती वहीत उतरवून घेतली. ज्याने कुणी ही सोय केली त्याला दीर्घायुष्य लाभो.

मग तपासणी. आधी ई२एफएससीकेने जबरदस्तीने पूर्ण तपासणी, एकही चूक नाही. मग रिसाइझ२एफएस, सात मिनिटांत फाइलसिस्टीम पूर्ण पार्टिशनभर पसरली. जागा मोजणाऱ्या डीएफ या आज्ञेने आकार दाखवला ७.३. खोक्यावर ८ आणि पडद्यावर ७.३, यात कुणी फसवलेलं नाही. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, डीएफ १०२४ च्या. मात्र एक जागा खरोखर अडकलेली असते. एक्स्ट४ फाइलसिस्टीम पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. ज्या डिस्कवर सिस्टीम चालते तिथे ते शहाणपणाचं आहे, नुसत्या बॅकअपच्या डिस्कवर मात्र ४०० जीबी राखून काय करायचं? ट्यून२एफएसने मी ते एक टक्क्यावर आणलं.

आता खरी कसोटी, हार्ड लिंक. फायलींची यादी दाखवणाऱ्या एलएसला एल आणि आय पर्याय दिले की आयनोडचा, म्हणजे नावांमागच्या मूळ फाइलच्या नोंदीचा, क्रमांक आणि त्या फाइलला किती नावं आहेत तो आकडा दिसतो. एक फाँट घेतला. डेली.० मध्ये त्याची नावं पस्तीस. मंथली.११ मध्ये तोच आयनोड, तीच पस्तीस. मी शेजारी जुन्या डिस्कचा आकडा लिहून ठेवला होता, तोही पस्तीस. खुर्चीत मागे रेलून मी थोडा वेळ नुसतं त्या आकड्याकडे बघत बसले.

इथेच लेख संपला असता तर बरं झालं असतं. क्लोन म्हणजे हुबेहूब, आणि हुबेहूबमध्ये फाइलसिस्टीमचा यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळखक्रमांकही आला, हे मला पाठ असूनही सुचलं नाही. माझ्या एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, बॅकअप डिस्क यूयूआयडीने ओळखली जाते. दोन्ही डिस्का जोडलेल्याच ठेवून मी मशीन नेहमीसारखं सुरू केलं. लिनक्सपुढे एकाच नावाच्या दोन व्यक्ती उभ्या, त्याने त्यातली एक धरली. कुठली, ते मी पाहिलं नाही.

तीन दिवसांनी टेबल पुसताना नव्या डिस्कला हात लागला. थंड. शेजारची जुनी कोमट. तिथेच कळलं. डीएफ केलं, १.८. तीन रात्री बॅकअप जुन्यावरच चालला होता आणि नवी नुसती शेजारी बसून होती. नुकसान काही नाही, पण समजा त्या तीन दिवसांत मी जुनी ‘आता हिची गरज नाही’ म्हणून पुसून टाकली असती तर?

उपाय सोपा आहे. क्लोन झाला की मशीन बंद करा आणि जुनी डिस्क उपटून ठेवा, मगच पुन्हा सुरू करा. मी नंतर जुनी लॅपटॉपला लावून ट्यून२एफएसने तिला नवा यूयूआयडी दिला, लेबलही बदललं. विंडोजवाल्यांनाही असाच अनुभव येतो. तिथे दोन डिस्कांची सही (ओळखक्रमांक) एक निघाली तर विंडोज त्यातली एक ऑफलाइन करून ठेवतं, आणि लोकांना वाटतं नवी डिस्क खराब निघाली. क्लोनझिलाचा यात दोष नाही, पण सुरुवातीला ती आज्ञेची ओळ छापतं तशीच काम संपल्यावर ‘आता जुनी काढून ठेवा’ अशी एक ओळ ठळकपणे छापलेली मला आवडली असती. त्याबद्दल अर्धा गुण कापते.

विंडोजचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन गोष्टी, भाच्याचं मशीन असंच हलवून दिलं तेव्हा पाहिलेल्या. विंडोजची स्वतःची सिस्टीम इमेज असेल तर तिचा ‘विंडोजइमेजबॅकअप’ हा फोल्डर नव्या डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवरच हवा, नावात बदल न करता. ‘जुने बॅकअप’ नावाच्या फोल्डरमध्ये हौसेने टाकलात तर परत चढवताना तो सापडत नाही. आणि वापरातला सी ड्राइव्ह मोठ्या डिस्कवर क्लोन केल्यावर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट दिसत असेल तर सी आणि रिकाम्या जागेच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन येऊन बसलंय का पाहा. ते शेवटाकडे सरकवावं लागतं, जीपार्टेडने होतं.

नव्या डिस्कबद्दलही थोडं. ३.५ इंची आहे, त्यामुळे यूएसबीच्या विजेवर चालत नाही, वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि एक पॉइंट अडतो. रात्री शांततेत तिची घरघर ऐकू येते, मला सवय झाली. खोक्यातून काढल्या काढल्या मी तिच्यावर काही उतरवलं नव्हतं, आधी स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःची तब्येत तपासते ती, लांब चाचणी लावली, चौदा तास गेले. रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर शून्य, पेंडिंग (संशयित) सेक्टर शून्य. हे दोन आकडे शून्य नसते तर त्याच दिवशी परत केली असती. बॅडब्लॉक्सने लिहून-वाचून तपासायचं असेल तर ब्लॉकचा आकार ४०९६ द्या. त्याचा स्वतःचा ठरलेला आकार १०२४ आहे, आणि त्या हिशोबाने ८ टीबीवर ब्लॉकची संख्या इतकी फुगते की ते सुरूच होत नाही. पण चार नमुने लिहा, चार वेळा वाचा, म्हणजे चार-पाच दिवसांचं काम. मी केलं नाही.

घेताना मी एकच गोष्ट हट्टाने पाहिली, डिस्क सीएमआर आहे की एसएमआर. सीएमआरमध्ये डेटाच्या वाटा शेजारीशेजारी सुट्या असतात, एसएमआरमध्ये त्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावरची सगळी काढून पुन्हा बसवावी लागतात. सलग मोठ्या फायली एकदा लिहून ठेवायच्या असतील तर फरक जाणवत नाही. आरस्नॅपशॉट रोज रात्री एक प्रत पुसतं आणि लाखो बारीक नोंदी करतं, तिथे मात्र एसएमआर रडवते. खोक्यावर बघून कळेलच असं नाही, मॉडेलचं तांत्रिक माहितीपत्रक उघडून तो शब्द शोधा.

क्लोनझिलाला मी पाचपैकी चार गुण देते. अर्धा वर कापला आहे. उरलेला अर्धा त्या राखाडी पडद्यांवरच्या भाषेसाठी. मर्यादा त्याने स्वतःच जाहीर केल्या आहेत. चालू सिस्टीमचा क्लोन होत नाही, मशीन तेवढा वेळ अडकून पडतं. कालपासून जेवढं बदललं तेवढंच न्यायची सोय नाही, म्हणून रोजच्या बॅकअपसाठी ते नाहीच. इमेज केली तर तिच्यातून एकच फाइल काढता येत नाही, अख्खी इमेज परत चढवावी लागते. डिस्कवरून डिस्कवर, वर्षातून एकदा घर हलवावं तसं वापरायचं असेल, तर याच्याइतकं सरळ काही मला सापडलेलं नाही.

आठवड्याने कामच आलं. दीड वर्षापूर्वी जुळवलेल्या कलनशास्त्राच्या पुस्तकाला शुद्धिपत्रातल्या चार दुरुस्त्या करायच्या होत्या. नव्या डिस्कवरची तेव्हाच्या जवळची महिन्याची प्रत काढली. डिस्क आधी फक्त वाचण्यापुरती माउंट केली, म्हणजे सिस्टीमला जोडली, कारण हार्ड लिंकची उलटी बाजू अशी, की एका प्रतीतली फाइल जागच्या जागी बदलली तर ती पस्तीसही प्रतींत बदलते. प्रत वेगळ्या पार्टिशनवर उतरवली, सीएचरूट करून, म्हणजे त्या प्रतीलाच सिस्टीम मानून, आत शिरले, त्या वेळचं टेक चालवलं. पीडीएफ निघाली. छापील पुस्तक मांडीवर घेऊन पान ११२ उघडलं. आकृती ११२ वरच, खालची तळटीपही दोन ओळींचीच.

जुनी २ टीबी आता पुतणीच्या कपाटात असते, घराबाहेर एक प्रत असावी म्हणून. दर तीन महिन्यांनी ती आणते आणि परत नेते. तिच्या पाठीवर मी कागदी चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘लावण्याआधी आत्याला फोन.’ पुतणीने खाली पेनाने जोडलंय, ‘आणि आत्याने मला.’